‘आणि मुलें’

अमरावती जिल्ह्यांतील चम्मकच्या ताम्रपटांत वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन यानें १००० ब्राह्मणांस ग्रामदान दिल्याचें नमूद आहे. नांवें मात्र ४९ जणांचींच कोरलेलीं आहेत. अशा गळलेल्या नांवांची खंत संशोधकास नवी नाहीं. परंतु दुसऱ्या एका लेखानें ती आम्हांस असह्य झाली.

तो लेख पोलंडांतील ट्रेब्लिंका येथील. तेथील स्मारकाच्या सुमारें १७,००० शिळांपैकीं व्यक्तीचें नांव एकीवरच आहे: यानुश कोर्चाक, पुढें ‘आणि मुलें’. कोर्चाक हे वॉर्सा येथील ज्यू अनाथगृहाचे चालक. १८ जुलै १९४२ रोजीं तेथील मुलांनीं रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ नाटक केलें. ऑगस्टांत नाझींनीं सुमारें २०० मुलें कोर्चाकांसह ट्रेब्लिंकास नेऊन मारलीं.

हा प्रसंग गुरूचा त्याग व कवीचा गौरव म्हणून सांगितला जातो. दोन्ही यथार्थच, परंतु मुलें त्यांत केवळ निमित्त उरतात, हा आमचा आक्षेप आहे. अकोल्यास आम्हीं वर्षानुवर्षें हजेरी घेतली. ‘गुरुजी आणि मुलें’ एवढ्यावर हजेरीपट कधीं पुरा झाला नाहीं. मारेकऱ्यांस मुलांसह त्यांचीं नांवेंही नष्ट करावयाचीं होतीं. म्हणून जें नांव हातीं लागेल तें लेखकानें गाळूं नये. अमलची भूमिका करणाऱ्या मुलाचें नांव अब्राशा होतें. तें आम्ही येथें नोंदवून ठेवितों.