तुरुंगाचें संग्रहालय : कांहीं विचार

येरवड्याचें कारागृह ता. २६ जानेवारी २०२१ पासून प्रेक्षकांस दाखविण्यास आरंभ झाला. करवीरासहि असें एखादें तुरुंग-संग्रहालय असावें, असें आम्हांस वाटतें. मात्र येरवड्याचा कित्ता जसाच्या तसा गिरवूं नये. तेथें मुख्यतः गांधी यार्ड, टिळक यार्ड व १९३२ च्या पुणें कराराचें आम्रवृक्षाचें स्थळ दाखवितात. थोरांच्या कोठड्यांस वंदन करणें योग्यच. परंतु शेजारच्या कोठडींतला निनांवी कैदी त्यांत लोपतो.

कोल्हापूर प्रकरणाचें साधन या दृष्टीनें फार मोलाचें आहे. दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल टिळक-आगरकरांस १८८२ च्या जुलैंत चार महिन्यांची साधी कैद झाली. ज्या पत्रांवर त्यांनीं भिस्त ठेविली तीं बनावट ठरलीं! (अस्सल-नक्कल न पाहतां कागद छापण्यास उतावीळ झालेल्या आमच्या संग्राहक मित्रांनीं हें विसरूं नये.) ज्या चौथ्या शिवाजी महाराजांसाठीं हा खटाटोप झाला, ते १८८३ त अहमदनगरास नजरकैदेंतच वारले. आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हें पुस्तक आजवर चरित्रसाधन म्हणूनच वाचिलें गेलें. वस्तुतः तें तुरुंगाचें आंतून केलेलें वर्णन आहे, व संग्रहालयांत त्याचें स्थान त्याच नात्यानें असावें. तथापि तें लिहिणारा एम. ए. झालेला कैदी होता. निरक्षर कैद्याची साक्ष रोजकीर्दींत, शिध्याच्या हिशेबांत व निवाड्यांत शोधावी लागते.

हे कागद निव्वळ कुतूहलाचे नव्हेत. कारागृहाच्या जुन्या नियमावलींतून जातीवार कामें वांटण्याची जी चाल उतरत आली, ती सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं घटनाबाह्य ठरविली. जुनी नियमावली व तो निकाल एकाच पेटींत ठेवावे. निराळें व्याख्यान लागणार नाहीं. सन २०२२ अखेर देशांतील दर शंभर बंद्यांपैकीं सुमारें शहात्तर खटला चालूं असलेले, म्हणजे दोषी न ठरलेले होते, हाहि आंकडा तेथें असावा. बाल, वृद्ध, व्याधित व अनाथ बंद्यांस ठराविक दिवशीं सोडावें, असें कौटिल्यानेंहि सांगितलें आहे.

औंध संस्थानांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. तेथें कैदी भिंतीवांचून, कुटुंबासह, शेती करून राहूं लागले. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. बोलपट सर्वांस ठाऊक. त्याचें मूळ मात्र थोड्यांस.

ज्यांच्या संग्रहीं करवीर, औंध वा सांगली संस्थानांचे फौजदारी निवाडे, जामीनकतबे किंवा तुरुंगखर्चाचे मोडी कागद असतील, त्यांनीं त्यांची यादी, मूळ कागद हातचा न सोडतां, मंडळाकडे पाठवावी.