सेतू अभ्यासातले गणित आणि 'बरोबर'चे चिन्ह

८ + ४ = □ + ५. ही चौकट सातवीच्या वर्गाला भरायला द्या. कोणी १२ लिहील, कोणी १७. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकालाही ७ सुचले नव्हते. बेरीज त्यांना येत होती; अडले ते = या चिन्हापाशी.

मराठीत तर ही अडचण भाषेतच दडली आहे. 'आठ अधिक चार बरोबर बारा' असे आपण वाचतो आणि वही तपासतानाही 'बरोबर' म्हणतो. मुलाला तो उत्तर लिहिण्याचा हुकूम वाटतो. दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे विधान त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुढे समीकरणे येतात तेव्हा 'पलीकडे नेताना चिन्ह बदला' एवढा मंत्रच हाती उरतो.

कोरोनाकाळात बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये सेतू अभ्यास आणला. दुसरी ते दहावीसाठी १ जुलैपासून ४५ दिवस, मागील इयत्तेवर आधारित दिवसवार कृतिपत्रिका आणि तीन चाचण्या अशी त्याची आखणी होती. पुढे जाण्याआधी मागे वळून पाहायचे, हे मान्य झाले हेही थोडे नाही. पण गणिताची उजळणी तारीखवार होत नाही. दुसऱ्या दिवशी कृतिपत्रिका बदलते. अपूर्णांकात अडलेले मूल तिथेच राहते. शिवाय मागच्या एकाच इयत्तेकडे पाहिले, तर आठवीतल्या मुलाची दुसरीतली गैरसमजूत कोण शोधणार? चाचणीत चूक दिसते, तिचे मूळ दिसत नाही.

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे गाव. हा मुलूख हळदीचा. इथल्या मुलांना वजनकाटा नवा नाही. भरलेली गाडी ५१५० किलो, रिकामी २४०० किलो. पोते ५० किलोचे धरले तर पोती किती? मुले तोंडी वजाबाकी करून २७५० काढतील, ५० ने भागून ५५ सांगतील. मग तेच फळ्यावर मांडा: ५०क्ष + २४०० = ५१५०. त्यांनी तोंडी केले तेच दोन्ही बाजूंना करून दाखवा. 'पलीकडे नेणे' म्हणजे काय, ते इथे उलगडते. याला एक दिवस लागो की आठ.

आणि अधूनमधून १२ = ८ + ४ असेही लिहा. 'सर, हे उलटे झाले,' असे कोणी म्हणाले, तर उजळणी तिथूनच सुरू करायची.