ओठांवरचें गाणें आणि पोटांतलें गाणें

झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेनें १९३१ सालीं लिहून हातावेगळें केलेलें 'बॅराकून' हें लहानसें पुस्तक छापून निघालें तें २०१८ सालीं, म्हणजे लेखिका वारल्यावर अठ्ठावन्न वर्षांनीं. बॅराकून म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जहाज येईपर्यंत गुलामांस डांबून ठेवण्याचा कोंडवाडा. अशा कोंडवाड्यांतून अमेरिकेंतील आलाबामा प्रांतांत येऊन पडलेल्या कोसोला नांवाच्या एका वृद्धाची ही कहाणी असून ती त्याच्याच तोंडून वदविलेली आहे. इंग्रजींत या पुस्तकाची वाखाणणी पुष्कळ झाली. परंतु ती मुख्यतः गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासाचें एक साधन म्हणून. आम्हांस मात्र पुस्तक मिटतांना दुसरीच गोष्ट जाणवली. आपल्या पूर्वजांच्या धर्माविषयीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं काय भाव धरावा, या प्रश्नावर विद्वानांनीं जें रान उठविलें आहे, त्यांत कोठेंहि न सांपडणारें एक उत्तर या म्हाताऱ्यापाशीं आहे. आणि तें आपण देत आहों याची त्याला जाणीवहि नाहीं.

तो वाद काय आहे हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हा समाज बहुसंख्येनें ख्रिस्ती, आणि त्यांतहि बॅप्टिस्ट व मेथॉडिस्ट पंथांचा. परंतु हा धर्म त्यांनीं गोऱ्यांकडून जसाच्या तसा उचलला असें म्हणतां येत नाहीं. गुलामांच्या वस्त्यांतून प्रार्थना आटोपल्यावर रिंगण धरून, पाय घाशीत, टाळ्या वाजवीत तासन् तास फेर धरण्याची चाल होती. अंगांत येईपर्यंत फेर चाले. आणि अंगांत येई तो बायबलांतला पवित्र आत्मा, अशी भाविकांची श्रद्धा होती. देव नवा, फेर जुना! सुशिक्षितांस ही मिसळ रुचली नाहीं. डॅनियल पेन हे आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे नामांकित बिशप, विद्येचे मोठे कैवारी व करारी गृहस्थ. अशा एका मेळाव्यांत जाऊन आपण फेर कसा थांबविला, आणि असल्या रानटी चालीनें आपल्या समाजाला बट्टा लागतो असें कसें बजाविलें, हें त्यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिलें आहे. त्यावर तेथल्या पुढाऱ्यानें त्यांस ऐकविलें कीं, रिंगण धरल्यावांचून पापी माणसाचें मन पालटतच नाहीं. बिशपसाहेबांनीं हें उत्तरहि नमूद करून ठेवलें, हा त्यांचा मोठेपणा. पुढें हाच तंटा पंडितांच्या दारीं गेला. ई. फ्रँक्लिन फ्रेझर या समाजशास्त्रज्ञांचें म्हणणें, गुलामगिरीच्या चरकांत आफ्रिकेचा रस सर्व निघून गेला, मागें कांहीं उरलें नाहीं. मेलव्हिल हर्स्कोविट्स यांनीं १९४१ सालीं मोठा ग्रंथ लिहून पुष्कळ उरलें आहे असें प्रतिपादन केलें. यांत आफ्रिकेची बाजू घेणारा पंडित गोरा आणि ती नाकारणारा कृष्णवर्णीय, हें पाहून वाचकांस आश्चर्य वाटेल. पण ज्याला पिढ्यान् पिढ्या 'तूं मुळांत परकाच' असें हिणविलें गेलें आहे, त्यानें आपल्या परकेपणाचे पुरावे पुढें करण्यास कचरावें, हें स्वाभाविक नव्हे काय?

आतां कोसोलाकडे वळूं. परदेशांतून गुलाम आणण्यास अमेरिकेंत १८०८ पासूनच बंदी होती. तरीहि मोबील शहरच्या एका धनिकानें 'क्लोटिल्डा' नांवाचें गलबत पाठवून, दाहोमीच्या राजानें लढाईंत पकडून विकावयास काढलेलीं सुमारें ११० माणसें १८६० सालीं चोरून आणविलीं, आणि पुरावा मागें राहूं नये म्हणून गलबत पेटवून बुडविलें. (त्याचा सांगाडा खाडींतील चिखलांत पडून होता, तो २०१९ सालीं ओळखला गेला.) कोसोला तेव्हां अवघा १९ वर्षांचा. १८६५ सालीं तो सुटला. परत जाण्यापुरतें भाडें जमेना, तेव्हां या मंडळींनीं लाकडें तोडून, भाजीपाला विकून पैसा गांठीं बांधला, मोबीलजवळ जमिनी विकत घेतल्या व आपलें स्वतंत्र गांव वसविलें. तेंच आफ्रिकाटाउन. निग्रो गुलामांस मुक्त केल्याबद्दल ज्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांच्याच देशांत, त्याच सुमारास, मुक्त झालेलीं हीं माणसें अशा रीतीनें दुसऱ्यांदा जन्म घेत होतीं.

या दुसऱ्या जन्मांत त्यांस धर्म कसा भेटला, हा पुस्तकांतला आमच्या मतें सर्वांत मोलाचा भाग. गोऱ्यांनीं त्यांस छळलें यांत नवल नाहीं. परंतु अमेरिकेंत जन्मलेले त्यांचे कृष्णवर्णीय शेजारीहि त्यांस हंसत, रानटी म्हणत, त्यांच्या मुलांस शाळेंत माकडांचे सोयरे म्हणून चिडवीत. ज्यांच्या आज्या-पणज्या अशाच गलबतांतून आल्या होत्या, त्यांनीं हें करावें! ख्रिस्ती होण्याची इच्छा या मंडळींस झाली, पण हंसणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची होईना. तेव्हां, जमीन आपली आहे, चर्चहि आपलेंच बांधूं, असें म्हणून त्यांनीं १८७२ सालीं स्वतःचें चर्च उभारलें. म्हणजे त्यांचें ख्रिस्ती होणें हें शेजाऱ्यांत मिसळून जाणें नव्हतें. उलट, आपलें वेगळेपण राखण्यासाठींच त्यांनीं देऊळ बांधावें तसें चर्च बांधलें. धर्मांतराच्या इतिहासांत असें उदाहरण विरळा. कोणता धर्म घेतला एवढेंच विचारून भागत नाहीं, कोणाच्या शेजारीं बसून घेतला हेंहि विचारावें लागतें, हें या एका प्रसंगावरून जसें समजतें तसें मोठमोठ्या ग्रंथांवरून समजत नाहीं.

नव्या धर्माच्या कांहीं अटी त्याला विनोदी वाटल्या असाव्यात. आबिले व तो आपल्या देशाच्या रीतीनें, परस्परांच्या संमतीनें नवराबायको म्हणून नांदत होतीं. चर्चमध्यें गेल्यावर कळलें कीं हें चालत नाहीं, सरकारी परवाना हवा. त्यांनीं तो काढला. पण कागदामुळें एकमेकांवरची माया तिळभरहि वाढली नाहीं, असें तो सांगतो. देवाविषयींचें त्याचें म्हणणें तर ऐकण्यासारखें आहे. देव आहे हें आफ्रिकेंत ठाऊकच होतें, त्याला नांवहि होतें. वाचतां येत नसल्यामुळें त्याला एक मुलगा आहे एवढी बातमी मात्र तिकडे पोंचली नव्हती, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. यांत पश्चात्ताप नाहीं, जुन्या देवाचा धिक्कार नाहीं. जुनी ओळख तशीच असून तींत थोडी भर पडली, इतकेंच. ज्या मिशनऱ्यांनीं काळोखांतून प्रकाशांत आणल्याचीं वर्णनें लिहिलीं, त्यांस हें उत्तर पचनीं पडलें नसतें. आणि ज्यांस आज आफ्रिकेचा धर्म म्हणजे चर्चविरुद्धचें बंड वाटतो, त्यांसहि तें सोयीचें नाहीं.

पुस्तकाचा कळस आहे तो त्याच्या मुलीच्या मृत्यूचा प्रसंग. त्याला सहा मुलें झालीं. प्रत्येकाला एक अमेरिकन नांव व एक आफ्रिकन नांव. आणि सहाहि बापाच्या देखत गेलीं. त्यांत पहिली गेली ती सीली, पंधरा वर्षांची. तिला पुरतांना चर्चची मंडळी पैलतीरावर पुन्हा भेट होण्याचें इंग्रजी भजन म्हणूं लागली. कोसोला चर्चचा जुना सभासद, शब्द त्याला पाठ. त्यानें तेहि म्हटले. पण ते तोंडाला ठाऊक होते, काळजाला ठाऊक नव्हते. म्हणून तो मनांतल्या मनांत आपल्या भाषेंतलें गाणें गाऊं लागला. पोटांत एक आणि ओठांवर एक, असें आपण ज्याच्याविषयीं म्हणतों तो दांभिक असतो. येथें तीच स्थिति आहे, आणि दंभाचा लवलेश नाहीं! शेजाऱ्यांसमवेत करावयाचा शोक एका भाषेंत, आणि बापानें करावयाचा शोक दुसऱ्या भाषेंत. पुरून आल्यावर एवढीशी पोर तेथें एकटी दिसते म्हणून तिच्या थडग्याभोंवतीं त्यानें घाईघाईनें कुंपण घातलें. फ्रेझर व हर्स्कोविट्स या दोघांसहि त्या कुंपणापाशीं क्षणभर उभें करावें, असें हा भाग वाचतांना आमच्या मनांत येऊन गेलें.

हें सर्व टिपण्यास हर्स्टनसारखीच लेखिका हवी होती. फ्लॉरिडांतील ईटनव्हिल या सर्वस्वीं कृष्णवर्णीय गांवांत बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरीं ती वाढली आणि न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकली. बापाचें व्यासपीठ आणि गुरूचें शास्त्र, दोन्ही तिच्या अंगीं मुरलेलीं. १९३४ सालच्या 'जोनाज गोअर्ड व्हाइन' या कादंबरींतील धर्मोपदेशक नायक तिनें बापावरूनच घडविला. नायकाची दुसरी बायको जादूटोण्यानें त्याला वश करूं पाहते, तें कळतांच तो खवळतो. परंतु व्यासपीठावर उभा राहिला कीं त्याच्याच वाणींत जुन्या नगाऱ्याचा ठेका उमटतो. टोण्याला भिणारा आणि नगाऱ्यावांचून बोलूं न शकणारा, असा हा एकच मनुष्य आहे, हें तिनें नेमकें हेरलें. पुढच्याच वर्षींच्या 'म्यूल्स अँड मेन' या पुस्तकांत न्यू ऑर्लीन्सच्या मांत्रिकांपाशीं आपण दीक्षा कशी घेतली, तीन दिवस अन्नावांचून पालथ्या कशा पडून राहिलों, याचें वर्णन आहे. तें वेधक आहे खरें. पण त्यांत लेखिका स्वतःच रंगमंचाच्या मध्यभागीं उभी असल्यामुळें बिचारे मांत्रिक विंगेंत ढकलले गेल्यासारखे वाटतात. 'बॅराकून'मध्यें ती बाजूस सरते. पीच, कलिंगडें, हॅम असा कांहींबाहीं खाऊ घेऊन जाते, चर्च झाडावयास म्हाताऱ्याला हात लावते, आणि तो बोलेल तेव्हां ऐकते. त्यानें स्वतःची हकीकत आजोबांपासून सुरू केली तेव्हां तिनें उतावीळ होऊन त्याला मध्यें अडविलें, तर बापाच्या आधीं मुलाची गोष्ट आमच्या मुलखांत सांगत नाहींत, असें त्यानें तिला खडसावलें. हा पूर्वजपूजेचा धडा बोआसच्या वर्गांत मिळाला नसता.

दोषहि सांगितले पाहिजेत. याच कोसोलावर १९२७ सालीं तिनें जो पहिला लेख छापला, त्यांतला बराच मजकूर एमा लँगडन रोश यांच्या १९१४ सालच्या पुस्तकांतून मुकाट्यानें उचललेला होता, हें १९७२ सालीं उघडकीस आलें. 'बॅराकून' हें एका अर्थीं त्या चोरीचें प्रायश्चित्त. पण येथेंहि एक उणीव राहिली. गांवांतील देवकृत्यें, तरुणांस द्यावयाची दीक्षा, यांविषयीं कोसोला जें ओझरतें बोलतो त्याचा धागा ती शेवटपर्यंत धरीत नाहीं. तिला आफ्रिका हवी आणि त्याला बायकामुलांचीं दुःखें सांगावयाचीं, अशी ओढाताण ठिकठिकाणीं जाणवते. सुदैवानें प्रत्येक वेळीं म्हातारा जिंकतो.

आज त्या देशांत वारें फिरलें आहे. डेट्रॉइट शहरीं जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थानें १९५९ सालीं क्यूबांतील मातान्झास येथें ओरिशा दैवतांची दीक्षा घेतली, ओसेजमान अदेफुन्मी हें नांव धारण केलें, आणि १९७० सालीं दक्षिण कॅरोलायनांत ओयोतुंजी नांवाचें गांव योरुबा रीतीनें वसविलें. पेनसाहेबांस ज्याची लाज वाटली त्याचा अभिमान धरणारे आज पुष्कळ आहेत, आणि त्या अभिमानास आमचें वंदन आहे. परंतु एक विरोध लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्याच्या स्मरणांत आफ्रिकेचें कांहीं उरलें नव्हतें त्यानें क्यूबापर्यंत जाऊन ती शोधून आणली. आणि ज्याच्या स्मरणांत ती जिवंत होती तो कोसोला चर्चची झाडलोट करीत राहिला. हरवलेली वस्तु शोधून आणणाऱ्याला ती चौरंगावर मांडावी लागते. ज्याची हरवलीच नाहीं त्याला तसें करण्याची गरज पडत नाहीं. म्हणून कोसोलाला आपला पूर्वसूरि मानणाऱ्या नव्या भक्तांनीं, तसेंच त्याला चर्चचा आदर्श सेवक म्हणून मिरविणाऱ्यांनींहि, त्याचा फोटो नीट पाहावा. हर्स्टन फोटो काढणार म्हणतांच तो आंत जाऊन आपला उत्तम सूट घालून आला, पण पायांतले जोडे काढून ठेवून. आफ्रिकेंत असल्यासारखें दिसावें, ही त्याची इच्छा. आणि फोटोसाठीं जागा निवडली ती स्मशानांतली, आपल्या बायकामुलांच्या थडग्यांमधली.

या पुस्तकाला छापखाना दिसण्यास इतकीं वर्षें लागलीं त्याचें एक कारण भाषा. व्हायकिंग या प्रकाशनसंस्थेनें कोसोलाची बोली काढून शुद्ध इंग्रजी घाला असें सुचविलें. हर्स्टननें तें मानलें नाहीं. कोणी हें पुस्तक मराठींत आणूं म्हणेल त्याला हीच अडचण पुढें येईल. आमच्या या ग्रांथिक मराठींत कोसोला बोलूं लागला तर तो पेनसाहेबांसारखा बोलेल. तशीच त्याला वऱ्हाडी किंवा मालवणी करून चालणार नाहीं, कारण ती दुसऱ्याच कोणाची तरी मातृभाषा आहे, आणि कोसोलाची इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नव्हती. मोडकी, थोड्या शब्दांची, पण एकहि शब्द वायां न घालविणारी मराठी भाषांतरकारास स्वतःच घडवावी लागेल. आणि तसें कोणी केल्यास तें भाषांतर आम्ही सर्वांच्या आधीं वाचूं.