घाण्याचे जतन आणि घाण्याची परिभाषा

जुन्या तेलघाण्यांचे जतन व्हावे असे सांगणारे पुष्कळ आहेत. जतन नेमके कशाचे करावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच आढळतो. उखळ, लाट आणि जू एखाद्या संग्रहालयाच्या अंगणात मांडून ठेवली की घाणा जतन झाला, ही समजूत अपुरी आहे. खुद्द शब्दाची साक्ष तिच्याविरुद्ध जाते. तेल गाळण्याच्या यंत्रास आपण घाणा म्हणतो. कढईत एका वेळी सोडलेल्या पुऱ्यांसही घाणाच म्हणतो. लग्नघरी घाणा भरतात तेव्हा तेथे तेल्याचे यंत्र नसते, जाते व मुसळ असते. यंत्र बहुतेक गावांतून उठले. त्याचे माप आणि त्याचा मान घरात मागे राहिला.

अलीकडे शहरांतून ‘लाकडी घाण्याचे तेल’ विकले जाते. हे विशेषण लक्षात घेण्याजोगे आहे. लोखंडी यंत्रे येईपर्यंत त्याची कोणास गरजच नव्हती. शिवाय पुष्कळ ठिकाणी उखळ दगडी असून लाट तेवढी लाकडाची असे. आज या दुकानांतील लाट बहुधा विजेच्या मोटारीवर फिरते. शब्द बाजाराने तगविला, हे उपकारच म्हणावयाचे. परंतु घाण्याला जुंपलेला बैल आणि त्याच्या डोळ्यांवरील झापड आता केवळ वाक्प्रचारात उरली आहेत.

के. टी. अचय यांचा ‘घाणी : द ट्रॅडिशनल ऑइलमिल ऑफ इंडिया’ (१९९३) हा ग्रंथ या विषयाचा पाया होय. तेलरसायनाच्या अभ्यासकाने इतिहासाकडेही इतक्या आस्थेने पाहावे, हे दुर्मिळ आहे. तथापि तेल्याची बोली हा त्यांचा विषय नव्हे. कानडी गाण, तेलुगू गानुग, तमिळ चेक्कु, हिंदी कोल्हू ही नावे शेजारी ठेवली की मराठी शब्दाचे दक्षिणेशी असलेले साम्य स्पष्ट दिसते. अंदमानच्या कारागृहातील यंत्रास सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये कोलू म्हटले, घाणा नव्हे, शब्दाबरोबर ती जागाही मराठीत आली. आणि व्यवसायाचे नाव तर फारच जुने: नाशिकच्या लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाच्या कोरीव लेखात तिलपिषकांच्या श्रेणीचा उल्लेख आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीने वेगळा मार्ग धरला होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यात झवेरभाई पटेल यांनी घाणीची सुधारणा केली. घाणी चालती राहावी म्हणून ती बदलावी, हा तेथील विचार मला संग्रहालयी वृत्तीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, जरी त्यात जुना आकार हरवतो.

राहिला प्रश्न तेल्याच्या हातातील ज्ञानाचा. तीळ गाळताना पाणी शिंपडावे लागते. ते कमी पडले तर तेल सुटत नाही, अधिक झाले तर तेल पेंडीतच अडकते. पाणी केव्हा आणि किती, हे तेली घाणीचा रंग पाहून व लाटेचा आवाज ऐकून ठरवितो. त्या त्या अवस्थेला तो काय म्हणतो, हे चालत्या घाण्याजवळ बसूनच टिपता येईल. काम सोडून वीस वर्षे झालेल्या माणसास खोलीत बसवून विचारल्यास यंत्राच्या भागांची नावे मिळतील, अवस्थांची मिळणार नाहीत. अशा नोंदींत ध्वनिमुद्रण व मापे हवीतच, पण निदान एवढे तरी लिहावे की घाणा बुडाशी भोक असलेला होता, की तेल चिंधीने टिपून काढावयाचा. ‘तेल काढण्याचे जुने यंत्र’ एवढाच फलक असेल तर हे दोन्ही प्रकार एकच ठरतात.