ब्लूजेमधली रिकामी पट्टी

तुमचं मूल अमिरातीतल्या आयसीएसई शाळेत कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स शिकत असेल, तर घरच्या लॅपटॉपवर बहुधा ब्लूजे असेल. त्याचं मूळ 'ब्लू' या भाषेत आहे. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ती १९९०च्या दशकात सिडनी विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी घडवली. पुढे जावाचा जोर वाढला आणि ब्लू मागे पडली. तिची शिकवण्याची रीत मात्र १९९९मध्ये जावासाठी ब्लूजेच्या रूपात आली.

रीत साधी आहे. क्लासच्या चौकोनावर राइट क्लिक केलं की खालच्या पट्टीवर लाल ऑब्जेक्ट येतो. 'खातं' या एकाच क्लासमधून दोन ऑब्जेक्ट काढा. एकात शंभर दिरहम भरा. दुसऱ्याची शिल्लक हलत नाही. साचा वेगळा आणि वस्तू वेगळी, हे डोळ्यांना दिसतं.

परीक्षेच्या तयारीत मात्र बऱ्याचदा थेट 'मेन' लिहून ताऱ्यांचे त्रिकोण छापले जातात आणि ती पट्टी रिकामीच राहते. मग ब्लूजे आणि नोटपॅड यांत फरक तो काय उरला? गुण मिळतात, पण ऑब्जेक्ट म्हणजे पाठ केलेली व्याख्या होऊन बसते. म्हणून मुलाला किती प्रोग्राम झाले हे विचारू नका. 'मला दोन खाती काढून दाखव,' असं म्हणा.