विश्वकोश आणि पानिपतचे पडसाद

शेवगांवाकडे आजही कोणाचा पुरता मोड झाला कीं ‘त्याचें पानिपत झालें’ म्हणतात. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारावर विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ कादंबरी १९८८ त निघाली. चित्रपट २०१९ त आला. अशा गोष्टींची नोंद विश्वकोशानें घ्यावी काय? त्या क्षुद्र म्हणून वगळाव्या, हें मत आम्हांस मान्य नाहीं. भाऊसाहेबांची बखरही रंजक म्हणून कोणी टाकून दिली असती, तर लोकस्मृतीचा केवढा ठेवा गेला असता! मात्र नुसती जंत्री नको. प्रत्येक उल्लेखास सन व मूळ आधार द्यावा. समकालीन पत्रांवरून युद्ध कळतें. कादंबरीवरून पुढील पिढ्यांनीं तें कसें आठवलें एवढेंच कळतें. विश्वकोशकारांनीं हीं दोन दप्तरें एकत्र बांधूं नयेत.