काता: अर्थ काढणे आणि अर्थ घालणे

शाळेतल्या स्वसंरक्षण शिबिरातून परतलेल्या पुतणीने अंगणात 'हेइआन शोदान' हा काता करून दाखवला. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. तिच्या सगळ्या हालचाली नीटनेटक्या होत्या. मग तिने विचारले, "काका, बसमध्ये कुणी मनगट धरलं, तर यातलं काय करायचं?" मी तरुणपणी चार वर्षे कराटे शिकलो, पुढचे पुस्तकांतून आणि करून पाहून. तरी मला चटकन उत्तर देता आले नाही.

क्लासमधला रूढ अर्थ असा: समोरचा दोन पावलांवरून ठोसा मारतो, आपण अडवतो आणि उलट मारतो. पण मग दुसरी मूठ दर वेळी कमरेशी का खेचायची? मी हे विचारले तेव्हा 'पद्धतच आहे' एवढेच उत्तर मिळाले होते. जपानीत तिला 'हिकिते', म्हणजे ओढणारा हात म्हणतात. त्या मुठीत समोरच्याचे मनगट किंवा बाही असेल, तरच या नावाला अर्थ आहे.

हा अर्थ मागे कसा पडला, ते इतिहासात दिसते. ओकिनावाच्या इतोसु आन्को यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कराटे शाळांत नेले. त्यांच्या 'पिनान' मालिकेतलाच एक काता पुढे हेइआन शोदान झाला. वर्गात मुले रांगेत एकमेकांपासून लांब उभी राहणार, हे ओघानेच आले. पण १९०८ च्या पत्रात इतोसुंनीच बजावले होते की कराटे एकट्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यासाठी नाही, गुंडाशी गाठ पडली तर इजा टाळण्यासाठी आहे. १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले. पुढे विद्यापीठांचे संघ आले, मग स्पर्धा आल्या. हालचाली बऱ्याचशा त्याच राहिल्या, पण दोन माणसांमधले अंतर वाढले आणि धरण्या-ओढण्याचा अर्थ मागे पडला, असे माझे मत आहे.

ते अंतर कमी करून 'नाइहांची' वाचून पाहावा. त्यात उजवा पंजा बाजूला जातो आणि डावे कोपर त्याच पंजावर आपटते. स्वतःच्या तळहातावर कोणी कशाला मारील? पंजाने समोरच्याची मान धरली आहे असे माना, की कोपर कुठे बसते ते कळते. या काताचे मोठे पुरस्कर्ते मोतोबु चोकी यांच्या १९२६ च्या पुस्तकात जोडीने करायचे प्रकार आहेत. तेही अगदी जवळून, एका हाताने समोरच्याचा हात ताब्यात ठेवून केलेले आहेत.

मात्र याच वाटेवर अर्थ काढण्याऐवजी अर्थ घालण्याचा मोह होतो. कोणाला प्रत्येक वळणात फेक दिसते, कोणाला सुरा हिसकावणे. मीही फसलो. कोपरानंतर दोन्ही मुठी कमरेशी एकावर एक येतात. तो हात पिरगळण्याचा डाव आहे, असे मी वर्षानुवर्षे सांगत होतो. एकदा मित्राला म्हटले, "खरोखर सुटायचा प्रयत्न कर." त्याने कोपर वाकवले आणि तो सहज सुटला. तेव्हापासून मी तीन कसोट्या लावतो. दोन्ही हातांचा हिशेब लागला पाहिजे. पुढची हालचाल आधीच्या हालचालीतून निघाली पाहिजे. आणि समोरचा असहकार करत असतानाही अर्थ टिकला पाहिजे. तिसरीत बहुतेक अर्थ गळतात, माझेही.

पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच कातात होते. चौथ्या हालचालीत पुढचा हात मागे खेचून, वरून फिरवून मुठीचा हातोड्यासारखा फटका मारतात. ही मनगटाची सोडवणूक आहे, असे जुन्या परंपरेतही सांगतात. मी तिचे मनगट घट्ट धरले. नुसत्या हाताने तिला सुटता येईना. या हालचालीत पुढचे पाऊलही मागे येते, आणि शिबिरात ते घाईने उरकले गेले होते. पाऊल आणि हात एकदम मागे घेतल्यावर मात्र माझी पकड सुटली. वरून येणारी मूठ चुकवायला मलाच मागे सरावे लागले.

हेइआन शोदानमध्ये एकवीस हालचाली मोजतात. उरलेल्या वीस आम्ही आता रविवारी एकेक करून तपासतो.